कंपवाताची चाहूल

आमच्या चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या नोंदींच्या वह्या सालवार लावून ठेवलेल्या आहेत. खानापूर भागातील पाऊस कसा असतो हे वाचकांस सांगणे नलगे. वाळवी लागेल ह्या भीतीने आम्ही एकदा त्या साऱ्या वह्या बाहेर काढल्या, उघडीप मिळताच पडवीत मांडल्या, आणि पाने उलटता उलटता एका गोष्टीपाशी थबकलो. २०११ सालच्या नोंदींतील अक्षर मोठे, गोल व टपोरे आहे. २०१४ सालचे त्याहून लहान. २०१६ साली ओळीच्या आरंभी अक्षर बरे दिसते. पण आईबापांची व धर्ममातापित्यांची नावे लिहून होईपर्यंत ते आकसत आकसत मुंग्यांच्या रांगेसारखे होते. २०१८ सालच्या नोंदी वाचण्यास आम्हांस भिंग घ्यावे लागले. ह्या सर्व नोंदी एकाच हाताच्या आहेत.

तो हात आमच्या मास्तरांचा. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चर्चमधील लिखापढी व गायनमंडळी अशी दोन्ही कामे अंगावर घेतली होती. आम्ही ह्या धर्मग्रामात २०१५ साली आलो, तेव्हा त्यांचा दबदबा मोठा होता. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांच्याविषयी कुरबुरी कानी येऊ लागल्या. मास्तर आता हसत नाहीत. गाणे शिकविताना आवाज पुटपुटल्यासारखा येतो. वाटेत भेटले तर मान डोलावीत नाहीत. आम्हांसही तसेच वाटले. गायनमंडळीत त्या सुमारास थोडा वाद झाला होता, त्याचा राग मनात धरून ते असे वागतात, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. वहीतील बारीक अक्षर हा आम्हांस त्या रागाचाच एक प्रकार वाटला. एके दिवशी आम्ही त्यांस चार शब्द सुनावले आणि वही काढून घेतली. ते काहीच बोलले नाहीत. चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही, आणि त्या न हलण्याचाच आम्हांस अधिक राग आला, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्याच्याही आधी मास्तरांच्या पत्नी आमच्याकडे एक गाऱ्हाणे घेऊन आल्या होत्या. "फादर, हे रात्री झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. परवा माझ्या तोंडावर गुद्दा बसला. जागे केले तर म्हणतात, कुत्रे अंगावर आले होते. एकदा येऊन घरावर आशीर्वाद द्या." जाता जाता त्या असेही म्हणाल्या, की कांदा करपून घरभर धूर झाला तरी ह्यांना वास म्हणून येत नाही. आम्ही गेलो, प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले, चहा घेतला आणि परत आलो. आशीर्वाद दिला त्यात काही चुकले असे नव्हे. चुकले ते एवढेच, की त्या बाईंनी दोन खुणा आमच्या हाती स्पष्ट ठेवल्या असता त्या कशाच्या, हा प्रश्न आम्ही कोणा जाणत्यास विचारला नाही.

२०१९ साली सणाच्या मिरवणुकीत गावची एक मुलगी, जी बेळगावात परिचारिकेचे शिक्षण घेत होती, मास्तरांच्या मागून चालत होती. चालताना त्यांचा डावा हात झुलत होता, उजवा मात्र अंगाला चिकटून राहिला होता. तिने घरच्यांस हटकले, घरच्यांनी मज्जातंतूंच्या डॉक्टरांस दाखविले, आणि निदान झाले: कंपवात, म्हणजे इंग्रजी वैद्यकात ज्यास पार्किन्सनचा रोग म्हणतात तो. हात कापत नव्हता, म्हणून हा रोग असेल अशी शंका कोणास आली नव्हती. बारीक होणारे अक्षर, मंदावलेला आवाज आणि गोठलेला चेहरा ही त्याच रोगाची लक्षणे होत. झोपेतील आरडाओरडा व वास न येणे ही त्याची चाहूल.

तेव्हापासून ह्या रोगाविषयी जे वाचावयास मिळेल ते आम्ही वाचीत आलो. त्यातून एक गोष्ट ध्यानी आली, की वैद्यकातील संशोधन म्हणजे केवळ काचेच्या नळ्या व पांढरे अंगरखे नव्हेत. त्याचा आरंभ पुष्कळदा कोणीतरी नीट पाहण्यात व कोणीतरी ते नीट ऐकून घेण्यात असतो.

जेम्स पार्किन्सन हा लंडन शहरातील एक साधा वैद्य. त्याने १८१७ साली ह्या रोगावर एक लहानसा निबंध छापला. त्यात फक्त सहा रोग्यांची हकीकत आहे; आणि गंमत अशी, की त्यांतील दोघे त्यास रस्त्यात भेटलेले, व एकास तर त्याने केवळ लांबून पाहिलेले. पुढे पॅरिस येथील शार्को ह्या थोर डॉक्टरांनी रोगास पार्किन्सनचे नाव दिले, आणि प्रत्येक रोग्यास कंप असतोच असे नाही, हेही दाखवून दिले. म्हणजे आमच्या मास्तरांच्या बाबतीत जी चूक झाली ती टाळण्याची शिकवण एकोणिसाव्या शतकातच दिली गेली होती.

रोगाचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान काळसर भागात आहे. तेथील पेशी डोपामीन नावाचे एक द्रव्य तयार करतात, आणि शरीराची हालचाल सुरळीत चालण्यास ते लागते. ह्या पेशी हळूहळू मरतात. हात कापू लागेपर्यंत किंवा पाय घसटू लागेपर्यंत त्यांतील सुमारे निम्म्या नाहीशा झालेल्या असतात. म्हणूनच आधी ओळख पटविण्याची एवढी धडपड चालते. घर निम्मे जळाल्यावर धूर दिसावा, तसा हा प्रकार आहे.

ह्या द्रव्याचा शोध कसा लागला त्या कथेत आपल्याकडील एका मुळीचा भाग आहे. सर्पगंधा आपल्या वैद्यांस फार पूर्वीपासून ठाऊक. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील ह्यांनी रक्तदाबावर तिचा गुण कसा येतो हे रोग्यांवर तपासून १९४९ साली इंग्लंडातील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडले, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. ते घेणाऱ्या काही रोग्यांची हालचाल मात्र कंपवात झाल्यासारखी मंद होई. स्वीडनमधील आर्विद कार्लसन ह्यांनी १९५७ साली रेसर्पिन टोचून सशांस निश्चल केले, आणि मग डोपा नावाचे द्रव्य टोचताच ते ससे पुन्हा हालचाल करू लागले! १९६० साली व्हिएन्ना येथे हॉर्निकिविझ ह्यांनी कंपवाताने मेलेल्या रोग्यांच्या मेंदूत डोपामीनची उणीव असल्याचे दाखविले. पुढे अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास ह्यांनी त्या डोपाचेच एक रूप, लेव्होडोपा, हळूहळू मात्रा वाढवीत तोंडाने दिले, आणि जखडलेले रोगी उठून चालू लागले. कार्लसन ह्यांस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही ह्या रोगावरील मुख्य औषध तेच आहे.

जाता जाता सांगतो: आपल्या कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत हेच लेव्होडोपा निसर्गतः असते. पण कोणी उठून त्या बिया कुटून खाऊ नयेत. बियांत ते किती असेल ह्याचे माप घरी कळत नाही, आणि ह्या औषधात सारे काही मापावर अवलंबून असते.

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

स्कॉटलंडमध्ये पर्थ नावाचे गाव आहे. तेथील जॉय मिल्न ह्या परिचारिका. त्यांचे पती लेस हे डॉक्टर, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे. लेस ह्यांनी तिशी ओलांडली त्या सुमारास जॉयबाईंस त्यांच्या अंगाला एक निराळाच, कुबट कस्तुरीसारखा वास येऊ लागला. त्या म्हणत, नीट आंघोळ करा, दात नीट घासा. लेस रागावत, त्यांस स्वतःस कसलाच वास येत नसे. घरात ह्यावरून खटके उडत. पुढे सुमारे बारा वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लेस ह्यांस कंपवात झाल्याचे निदान झाले. तरीही वासाचा व रोगाचा संबंध कोणाच्या मनात आला नाही. आणखी पुष्कळ वर्षांनी हे जोडपे अशा रोग्यांच्या मदतमंडळाच्या एका सभेस गेले. दालनात पाऊल टाकताच जॉयबाईंस तोच वास आला, तोही एका माणसापासून नव्हे, तर अनेकांपासून.

२०१२ साली एडिंबरो येथे त्या विद्यापीठातील संशोधक तिलो कुनाथ ह्यांचे व्याख्यान होते. ते संपल्यावर जॉयबाई उठल्या आणि विचारत्या झाल्या, की ह्या रोगाला जो वास येतो त्यावरून तो लवकर का ओळखीत नाहीत? कुनाथ ह्यांनी प्रथम ते फारसे मनावर घेतले नाही. कंपवाताच्या रोग्यांस वास येईनासा होतो, हे तर ठाऊकच होते; रोग्यांनाच वास येतो, हे कोणी ऐकले नव्हते. आम्ही हे वाचले तेव्हा मास्तरांच्या पत्नी आमच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. फरक एवढाच, की कुनाथ ह्यांनी नंतर एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून त्या बाईंचा माग काढला.

आणि मग त्यांनी जे केले ते पाहण्याजोगे आहे. बाईंचे बोलणे हसण्यावारी नेले नाही, तसेच खरे म्हणून डोळे मिटून स्वीकारलेही नाही. सहा रोगी व सहा निरोगी माणसे घेतली. प्रत्येकास एकेक टी-शर्ट अंगावर वागविण्यास दिला. ते कपडे परत घेऊन पिशव्यांत घातले आणि बाईंपुढे हुंगावयास ठेवले. कोणता कपडा कोणाचा हे त्यांस ठाऊक नव्हते. सराफ कसोटीवर सोने घासतो तेव्हा दागिना कोणत्या घरचा आहे हे त्यास सांगितले नाही म्हणजे त्याची परीक्षा निर्मळ होते, तसेच हे आहे. ज्यास उत्तर आधीच माहीत असते त्याचे नाक, डोळे व कान त्यास नकळत फसवितात, मग तो कितीही सज्जन असो.

जॉयबाईंनी सहाही रोगी अचूक ओळखले. निरोगी सहांपैकी पाच जणांस त्यांनी निरोगी म्हटले. एकाच्या कपड्यास मात्र रोग्याचा वास येतो, असे त्यांनी ठासून सांगितले. बारांपैकी एक चूक, असे टिपून ठेवले गेले. सुमारे आठ महिन्यांनी तो माणूस कुनाथ ह्यांस कळविता झाला, की डॉक्टरांनी त्यास कंपवात असल्याचे सांगितले आहे. चूक बाईंची नव्हती. त्या माणसाचा रोग डॉक्टरांस दिसण्याआधी त्यांच्या नाकास कळला होता.

तरी बारा माणसांवरून नियम बांधता येत नाही. म्हणून मँचेस्टर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ पर्डिटा बॅरन ह्यांनी पुढचे काम हाती घेतले. तो वास घामाचा असावा असा सर्वांचा कयास होता, पण तो काखेत नसून मानेच्या मागे व पाठीच्या वरच्या भागी अधिक होता, म्हणजे तेथे पाझरणाऱ्या तेलकट द्रव्याचा होता. ते द्रव्य टिपून घेऊन, सूक्ष्म कणांचे वजन करून त्यांची ओळख पटविणाऱ्या यंत्रात घातले. २०१९ साली त्यातील काही पदार्थ रोग्यांत कमी-अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. २०२२ साली ७९ रोगी व ७१ निरोगी माणसे घेऊन, पाठीवर केवळ कापसाचा बोळा फिरवून काही मिनिटांत फरक दाखविणारी रीत मांडली गेली. लेस मिल्न ह्यांस हे पाहावयास मिळाले नाही. २०१५ साली ते वारले. मरणापूर्वी त्यांनी पत्नीकडून वचन घेतले होते, की ह्या वासाचा छडा लावल्यावाचून राहू नये.

वाचकांनी घाई करू नये. ही रीत अजून संशोधनातच आहे. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन पाठ पुसून घेऊ म्हटले तर तसे होणार नाही. दुसरी एक तपासणी तिच्यापेक्षा पुढे गेली आहे. रोग्यांच्या मेंदूत आल्फा-सिन्यूक्लिन नावाचे एक प्रथिन वेडेवाकडे गुठळून बसते, हे १९९७ पासून ठाऊक आहे. कण्यातील पाणी काढून त्यात अशा प्रथिनाचे बीज आहे काय, हे आता पाहता येते. २०२३ साली ११२३ माणसांवरील ह्या तपासणीचा निष्कर्ष छापून आला. शंभर रोग्यांत सुमारे ८८ जणांचा रोग तीत दिसला, आणि शंभर निरोगी माणसांत सुमारे ९६ जणांस तिने निरोगीच म्हटले.

हे ऐकून कोणीही म्हणेल, मग साठीवरील सर्वांचीच तपासणी का करू नये? येथे थोडे गणित करावे लागेल. साठीपुढील शंभर माणसांत अदमासे एकास हा रोग असतो. हजार वृद्ध घेतले तर रोगी दहा व निरोगी नऊशे नव्वद. दहांपैकी नऊ जण तपासणीत सापडतील. परंतु निरोग्यांतील शंभरी चार जणांवर तिचा आळ येईल, म्हणजे जवळजवळ चाळीस जणांवर! ज्या पन्नासांस 'तुम्हांस कंपवात आहे' असे सांगावे त्यांतील चाळिसांस तो नसेलच. त्यांच्या रात्रीच्या झोपेचे काय? म्हणून शहाणे डॉक्टर सरसकट सर्वांची तपासणी करीत नाहीत. ज्यांच्यात आधीच काही खुणा दिसतात त्यांच्याकडेच वळतात. आणि त्या खुणा दिसतात घरच्यांस.

आणखी एक कठीण प्रश्न उरतो. रोग आधी कळला, पण त्यास थांबविणारे औषध नसेल तर कळून काय उपयोग? लेव्होडोपाने हालचाल सुधारते. पेशींचे मरण थांबत नाही. ते थांबवील असे औषध अजून सिद्ध झालेले नाही. संशोधक म्हणतात, की ते सापडावयाचे तर पेशी शिल्लक असतानाच द्यावे लागेल, आणि त्यासाठी रोगी लवकर सापडले पाहिजेत. हे म्हणणे आम्हांस पटते. तरी प्रत्येकाने आपले भविष्य आज जाणून घेतलेच पाहिजे, असे आम्ही म्हणणार नाही. कोणास ते पेलते, कोणास पेलत नाही.

मास्तरांच्या घराने मात्र आम्हांस दुसरे एक उत्तर दिले. निदान झाल्यावर त्यांच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, "फादर, औषधाचं मागाहून बघू. हे माझ्यावर रुसलेले नाहीत, एवढं कळलं." तीन वर्षे त्या बाई पतीच्या चेहऱ्यावर नसलेला राग वाचीत होत्या. आम्हीही तोच वाचीत होतो. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ साली गोव्यात आले होते, तेव्हा त्यांस पाहिलेले पुष्कळ वाचक आहेत. हेच पोप १९९९ साली दिल्लीस आले तेव्हा कंबर वाकलेली, हात कापणारा, चेहरा निश्चल, असे झाले होते. त्यांच्या त्या निश्चल चेहऱ्यास कोणी तुसडेपणा म्हटले नाही. आमच्या मास्तरांच्या वाट्यास मात्र ते आले.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत काय पाहावे, हे थोडक्यात सांगतो. वास येईनासा होणे, वर्षानुवर्षे बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे, चालताना एकच हात न झुलणे, अक्षर बारीक होत जाणे, आवाज खाली जाणे. ह्यांतील एखादी खूण असली म्हणजे रोग आहेच असे मुळीच नव्हे. सर्दीनेही वास जातो, आणि बद्धकोष्ठ कोणास होत नाही? पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर डॉक्टरांस सांगावे, आणि केव्हापासून दिसतात तेही सांगावे. दुसरे असे, की चक्कर येते म्हणून सिनारिझिनसारखी गोळी महिनोन्‌महिने घेत राहिल्याने कंपवातासारखीच लक्षणे उद्भवतात, आणि गोळी बंद केल्यावर ती बहुधा जातात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. चालू गोळी आपल्या मनाने एकाएकी थांबवू नये. लेव्होडोपा घेणाऱ्यांनी ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे. डाळ, मासे, अंडी ह्यांबरोबर पोटात गेले तर त्याचा गुण कमी येतो.

कोणी संशोधक आपल्या गावी येऊन रक्त, लाळ किंवा असे काही मागू लागला तर भिऊन दार लावू नये, आणि कागदावर न वाचता अंगठाही उठवू नये. कशासाठी, कोणाच्या परवानगीने, आणि मध्येच नको वाटले तर सोडता येईल काय, हे विचारावे. खरा संशोधक ह्या प्रश्नांनी रागावत नाही. निरोगी माणसांचीही त्यास तितकीच गरज असते. त्या सहा निरोगी माणसांनी कपडे दिले नसते तर जॉयबाईंचे म्हणणे खरे की खोटे, हे कळलेच नसते.

मास्तरांस आता औषध लागू पडले आहे. सकाळी सातला गोळी, साडेसातला पेज, आणि आठ ते साडेनऊ हा त्यांचा चांगला वेळ. त्या वेळात ते चर्चपर्यंत चालत येतात. आम्ही वहीच्या पानांवर पट्टीने ठळक, दोन बोटे अंतराच्या रेघा आखून ठेवतो. डोळ्यांस रेघ दिसली म्हणजे हात आकसत नाही, असे त्या परिचारिका मुलीने सांगितले आणि ते खरे ठरले. मागील महिन्यात दोन बाप्तिस्मे झाले. पहिली नोंद त्यांनी पूर्ण लिहिली. दुसऱ्या नोंदीत धर्ममातेच्या नावापर्यंत आले आणि लेखणी थांबली. घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते. उरलेली ओळ आम्ही लिहिली, आणि खाली सही करताना पाहिले तर दोघांत आमचेच अक्षर वाईट होते.